दर आठवड्याला निराळे शास्त्र

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे, गणित घेतले आहे. निरनिराळ्या क्षेत्रांतल्या शास्त्रज्ञांच्या मुलाखती ती रोज ऐकते आणि आज कृष्णविवरे, उद्या आतड्यातले जिवाणू, परवा जीवाश्म, असे तिचे ध्येय बदलत राहते. ही धरसोड कशी थांबवावी? – एक आई, राजेंद्रनगर, इंदूर

सप्रेम नमस्कार.

आपण जिला धरसोड म्हणता, तिला मी अजून तरी ते नाव देणार नाही. मला खटकते ते एवढेच की मुलाखतीत शोधाचा शेवट रंगतो आणि त्यामागची मजुरी दोन वाक्यांत उरकते. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या मिलनातून निघालेली गुरुत्वीय लहर (अवकाशालाच क्षणभर ताणणारी-आखडणारी लाट) टिपली, तो संकेत जेमतेम सेकंदाचा पाचवा हिस्सा टिकला. पण 4 किलोमीटर लांबीच्या नळ्या निर्वात राखणे, 40 किलोंचे आरसे काचेच्या तंतूंवर टांगणे आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म हालचाल गोंगाटातून वेगळी काढणे, यात अनेकांची उमेदीची वर्षे गेली. त्या शोधनिबंधावर हजाराहून अधिक नावे आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांचे रोजचे काम लेसर, काच किंवा संख्याशास्त्र हेच होते.

म्हणून प्रत्येक मुलाखतीनंतर तिला अर्धे पान लिहायला सांगा : काय मोजले, कशाने मोजले, कुठे अडले, आणि यातले कोणते काम तिला स्वतःला रोज करायला आवडेल. अशी दहा-बारा पाने साठली की विषय बदलले तरी कामाची आवड बहुधा तीच निघते. कुणाला उपकरण खुणावते, कुणाला आकडेमोड. (तिला फक्त सांगण्याचीच हौस निघाली, तर विज्ञान पत्रकारिताही आहे, आणि ते दुय्यम काम नव्हे.)

आपल्या घरापासून राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र फार दूर नाही. तिथल्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनमधून, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने गोल फिरवणाऱ्या यंत्रातून, निघणाऱ्या क्ष-किरणांवर धातूंचा अभ्यास करणारेही काम करतात आणि प्रथिनांची रचना शोधणारेही. हिंगोली जिल्ह्यात होऊ घातलेल्या लायगो-इंडियातही हे केंद्र सहभागी आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास विद्यार्थ्यांना तिथे जाता येते का, याची शाळेमार्फत चौकशी करा.

प्रवेशाचे म्हणाल, तर भोपाळच्या आयसरमधला (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) पदवी आणि पदव्युत्तर पदवी एकत्र देणारा पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम तिच्यासारखीला सोयीचा आहे, कारण तिथे सुरुवातीला सगळीच मूलभूत विज्ञाने शिकवतात आणि विषय पुढे निवडता येतो. पुढे पीएच.डी.ला बहुधा पाचेक वर्षे लागतात. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहेत, म्हणजे तेव्हा घरून पैसे लागू नयेत.

एक अडचण मात्र आत्ताच पाहावी. आयसरच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्राचेही प्रश्न असतात आणि तिने तो विषय सोडला आहे. शेजारपाजारच्या एखाद्या बायोवाल्या मुलीकडून अकरावीचे पुस्तक मागून आणा; आतड्यातल्या जिवाणूंचे वेड ओसरण्यापूर्वी ते तिच्या हाती पडलेले बरे.