विप्रो आधी अमळनेरला डालडा बनवायची हे खरं का? आणि खानदेशात तो खायचं कोण?

खरंय भाऊ, १०० टक्के. फक्त डालडा हा लिव्हरवाल्यांचा (म्हणजे आताची हिंदुस्तान युनिलिव्हर) ब्रँड, १९३७ चा. अमळनेरच्या मालाचं नाव होतं सनफ्लॉवर वनस्पती, वनस्पती म्हणजे तुपासारखं थिजवलेलं तेल. पण डब्यावर काहीही छापलेलं असू द्या, दुकानात सगळे डालडाच मागायचे, म्हणून तुमच्या प्रश्नात चूक काढत नाही.

अझीम प्रेमजींच्या वडिलांनी डिसेंबर १९४५ मध्ये कंपनी काढली, नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, तीच पुढे विप्रो झाली. अमळनेरच का, तर आजूबाजूला भुईमूग आणि गावातून सुरत-भुसावळ रेल्वे, अजून काय पाहिजे. तेल काढलं की पेंड ढोरांना, तेल शुद्ध करताना जो गाळ निघतो त्याचा साबण, तो ७८७ नावाने विकायचे. १९६६ ला वडील वारले तेव्हा अझीमजी २१ वर्षांचे, अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट सोडून आले. कॉम्प्युटर वगैरे नंतरचं. शेअरची गोष्ट तर सगळ्यांना माहीतच आहे, गावातल्या ज्यांनी शेअरचे जुने कागद जपून ठेवले ते कोट्यधीश झाले.

आता खायचं कोण. खरं सांगू का, रोजच्या जेवणात आमच्याकडे तरी कोणीच नाही. भरीत, शेवभाजी, कळण्याच्या भाकरीसोबतची चटणी, सगळ्यावर शेंगदाण्याचं तेल, तेही कच्चं वरून. त्याच तेलात निकेलची पूड टाकून, तापवून, दाबाखाली हायड्रोजन सोडला की ते थिजतं, मग वास काढून टाकतात, झालं वनस्पती. म्हणजे ज्याच्या घरात घाण्याचं ताजं तेल आहे त्याने वास काढलेलं तेल जास्त पैसे देऊन का घ्यावं? त्यामुळे डालडा म्हणजे पंगतीचा माल. लग्नात वरणबट्टी असायची, गव्हामक्याच्या जाडसर पिठाचे गोळे ओवा-हळद घालून उकडायचे, फोडी करायच्या आणि मोठ्या कढईत तळायच्या. शेकड्याने पानं उठवायची तर साजूक तूप कोणाला परवडणार. गरम गरम बट्टी वरणात कुस्करली तर कोणाच्या लक्षात यायचं नाही, पण शेवटच्या पंगतीला बसलात की फोडींवर पांढरा थर आलेला असायचा आणि टाळूला जो मेणचट लेप बसायचा तो पाणी पिऊन पण जात नाही. वर मे महिन्यात, आपल्या ४४-४५ डिग्रीत, तोच डालडा डब्यात पातळ होऊन बसलेला, चमच्याने काढायला जा तर डुबुक.

आणि दुसरा गिऱ्हाईक म्हणजे तुपात भेसळ करणारा, हे कोणी लिहीत नाही. तो डालडा मुद्दाम रवाळ करायचे, तुपासारखा दिसावा म्हणून, मग भेसळ तर होणारच ना. त्यावर सरकारने काढलेली युक्ती मला फार आवडते. प्रत्येक वनस्पतीत निदान ५ टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती केली. चवीसाठी नाही हां. संशयित तूप वितळवून त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि फरफ्युरल नावाचं केमिकल टाकून हलवलं की तिळाचं तेल असेल तर खालचा ॲसिडचा थर गुलाबी-लाल होतो, चोर सापडला. बोदुअँ (Baudouin) टेस्ट म्हणतात तिला. माझी आजी मात्र तूप हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला चोळून वास घ्यायची आणि नाक मुरडायची, तेवढ्यावर तूपवाला बदलला जायचा.

पुढे शेंगदाणा महाग होत गेला, कारखाने सरकी, सोयाबीन, बाहेरून आलेलं पाम असं काय काय वापरायला लागले. मग ट्रान्स फॅटचं कळलं, अर्धवट हायड्रोजन जिरवताना ते तयार होतं आणि हृदयाला वाईट. जानेवारी २०२२ पासून तेलात आणि वनस्पतीत असं ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर चालत नाही. खुद्द डालडा ब्रँड पण लिव्हरने २००३ मध्येच बंगी कंपनीला विकून टाकला होता.

आता आमच्याकडे लग्नात आचारी बट्टी सोयाबीन तेलातच तळतात. वरून तूप पाहिजे असेल तर वाढप्याला आवाज द्यावा लागतो, आणि तो ज्या किटलीतून वाढतो त्यात काय असतं ते विचारू नका.