कागदावरचा 'सिनाय' कोण?

फोंड्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे: "पणजोबांचा पोर्तुगीज काळातला जन्मदाखला सापडला. त्यावर आडनाव 'सिनाय केरकर' असं आहे. आम्ही नुसते केरकर. हे सिनाय बायबलमधल्या सिनाय पर्वतावरून आलं का? मधल्या काळात आमच्या घराण्याने धर्म बदलला होता का?"

आधी काळजीचं उत्तर देतो. या नावाचा त्या पर्वताशी काही संबंध नाही, आणि धर्मांतराचा तर हा पुरावा नाहीच. उलट, गोव्यात बाप्तिस्मा झाला की नाव आणि आडनाव दोन्ही पोर्तुगीज व्हायची. आडनाव बहुधा धर्मपित्याचं किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं मिळे. तुमच्या पणजोबांच्या नावापुढे सिनाय आणि केरकर ही दोन्ही टिकली, ती हे घर हिंदूच राहिलं म्हणून.

सिनाय म्हणजे आपला शेणै, गोव्यातल्या सारस्वत ब्राह्मणांचं जुनं नाव. शेणवी म्हणा, मंगळूरकडचे शेणॉय म्हणा, नाव तेच.

मला हे कोड्यासारखं नाव पहिल्यांदा भेटलं ते मार्दोळला, मावशीच्या घरी. ट्रंकेत जुने दस्तऐवज होते, शाई तपकिरी झालेली, घडीवर कागद फाटलेला. मी एकेक अक्षर लावत होतो: एस, आय, एन, ए, आय. 'सिनाय' असं मोठ्याने वाचलं, तर आत तांदूळ निवडत बसलेली मावशी तिथूनच म्हणाली, "अरे, शेणै तो! शेणैमाम!" तिला अक्षरं दिसत नव्हती, फक्त आवाज ऐकू आला होता. तेव्हापासून पोर्तुगीज कागदावरचं नाव मी डोळ्यांनी वाचत नाही, तोंडाने वाचतो. तुम्हीही तसंच करा.

पोर्तुगीजात 'श'साठी एक्स आहे, म्हणून शेट हे आडनाव तिथे एक्सने सुरू होतं. सिनायमध्ये मात्र श गेला आणि स राहिला. ण तर त्या लिपीत नाहीच, त्याचा न झाला. बाकीची नावं त्या मानाने इमानाने उतरली आहेत. 'पोय' दिसलं तर पै वाचा, 'पोरोबो' म्हणजे प्रभु, 'बोतो' म्हणजे भट. हसू नका, लिहिणाऱ्या कारकुनाचा कान तिखट होता. आपल्या कोकणीतला 'अ' गोल आहे, ओठ जरा पुढे काढून उच्चारलेला, तो त्याने ओ म्हणून लिहिला. शब्दाच्या शेवटी येणारा, आघात नसलेला ओ पोर्तुगीज माणूस 'उ' असा म्हणतो. म्हणजे त्याच्या तोंडी बोतो हा 'बोतु' होता, आणि भटाला 'भटु' म्हणणारी सारस्वत घरं कर्नाटकाच्या किनाऱ्यावर आजही आहेत. आपल्या बोलीतला जुना उकार त्या परक्या स्पेलिंगने जपून ठेवला, याचं मला फार अप्रूप वाटतं. 'कामोतिम' आणि 'केनिम' हे कामत आणि केणी. त्यांच्या शेवटचा एम हा म नव्हे, स्वर नाकातून सोडायची ती खूण.

आता शेणै शब्द आला कुठून? घरोघरी सांगितली जाते ती व्युत्पत्ती आकड्याची. गोव्यातल्या साष्टी तालुक्याची गावं 66, म्हणून सासष्ट आणि पुढे साष्टी. तिसवाडीच्या वाड्या 30. बेरीज 96, संस्कृतात षण्णवति, त्यावरून शेणवी. साष्टी आणि तिसवाडी ही नावं आकड्यांवरूनच पडली, हे खरं. पण दोन तालुक्यांची बेरीज करून माणसाला नाव देतात, हे मला पटत नाही. गावाचा हिशेब लिहिणाऱ्याला कन्नडात 'सेनबोव' म्हणत, तोच पुढचा शानभोग. शेणै त्यातून आला, असं मानणाऱ्यांच्या बाजूचा मी आहे. गोव्यावर कदंबांचं राज्य होतं तेव्हा कारभारात कन्नड होतीच. शिवाय हुद्द्याचं आडनाव होणं ही आपल्याकडची जुनी रीत: देसाई, नाईक, कुळकर्णी, गावकर. आणि मावशीच्या तोंडचा शेणैमाम कोण? गावात मुलांना मराठी धुळाक्षरं आणि पाढे शिकवणारा मास्तर. लिहिणं हाच ज्याचा पेशा, त्याचंच हे नाव.

ओघात आलं म्हणून ख्रिस्ती आडनावांचंही थोडं सांगतो. फर्नांडिसमधला शेवटचा 'इस' हा आपला 'चा' आहे: फर्नांदोचा मुलगा तो फर्नांडिस, रोद्रिगोचा तो रॉड्रिग्ज. रोद्रिगो हे मूळ जर्मानिक नाव, व्हिसिगॉथ टोळ्यांबरोबर स्पेन-पोर्तुगालमध्ये आलेलं. त्यात कीर्ती आणि सत्ता असे दोन शब्द आहेत. लोबो म्हणजे लांडगा, कुएल्यो म्हणजे ससा, परेरा म्हणजे नासपतीचं झाड. आल्मेदा तर अरबीतून आलेलं. मंगळूरच्या कितीतरी ख्रिस्ती घरांत मात्र प्रभु, कामत, शेणॉय ही जुनी आडनावं अजून सांगितली जातात.

राहिलं केरकर. 'कर' सोपा, पण केरी कुठली? गोव्यात केरी तीन आहेत: फोंड्यातली, सत्तरीतली आणि पेडण्यात तेरेखोल नदीच्या मुखाजवळची. गायिका केसरबाई केरकर फोंड्यातल्या केरीच्या. तुम्ही राहता फोंड्यात म्हणून तीच केरी धरू नका. आपल्याकडे माणसं हलली, देवही हलले. मंगेश 1560 मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळात आला, मग त्या जागेची मंगेशी झाली आणि त्या मंगेशीवरून मंगेशकर. उलट गायिका मोगूबाई कुर्डीकरांची कुर्डी साळावली धरणाच्या पाण्यात गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गाव दिसतं, पावसाळ्यात पुन्हा बुडतं. आडनावात मात्र ती बारा महिने कोरडी आहे.

तेव्हा एक करा. घरात कुळदेव कोणता ते थोरांना विचारा. विजयादुर्गा असेल, तर ती शंखवाळहून फोंड्यातल्या केरीत आलेली देवी, आणि तिथल्या देवस्थानच्या महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत मानकरी घराण्यांच्या, यादीत तुमचं घराणं शोधता येईल. यादी जुनी असेल तर ती पोर्तुगीज स्पेलिंगात असेल. तिथे के शोधू नका, क्यू शोधा. आणि आधीचं सिनाय गाळू नका, कारण नुसते केरकर बरेच सापडतील.