रहाटाला एरंडेलच का?

प्रश्न : आमच्या आडावरच्या रहाटाला आजोबा एरंडेल घालायचे. मी मशीनचं तेल घालतो, पण ते गळून पाण्यावर तवंग येतो. एरंडेलही गळतच असणार. मग फरक काय? – एक वाचक, भोर

उत्तर : आजोबांचं बरोबर होतं.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी परातीत पाणी घेऊन त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली आणि सुईच्या टोकाने एरंडेल टेकवलं. पावडर झपकन काठाला पळाली. (परात साबणाने धुतली असेल तर चार पाण्यांनी खळबळून घ्या, नाहीतर प्रयोग फसतो.) मग नव्या पाण्यावर लिक्विड पॅराफिन टेकवलं. ते शुद्ध केलेलं खनिज तेलच, तुमच्या मशीनच्या तेलाच्या जातीचं. त्याचा थेंब भिंगासारखा जागच्या जागी बसून राहिला.

एरंडेल, खोबरेल, शेंगतेल ही सगळी एस्टर नावाच्या जातीची संयुगं. ग्लिसरीनच्या एका कण्याला तीन लांब साखळ्या, आणि प्रत्येक सांध्यावर ऑक्सिजनचे दोन अणू. त्या सांध्याला पाण्याची ओढ, साखळीला पाण्याचं वावडं. त्यामुळे रेणू आपणहून रांगेत लागतात : सांधा पाण्यात, शेपट्या वर. अमेरिकी शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर चमचाभर तेल ओतलं, ते अर्धा एकर पसरलं. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे! चमचा ५ मिलिलिटरचा धरून भागाकार करा. थराची जाडी येते साधारण अडीच नॅनोमीटर, मिलिमीटरचा चार लाखावा भाग. म्हणजे जेमतेम एका रेणूची उंची. वर्गात हा भागाकार फळ्यावर उतरला की मुलं गप्प व्हायची, आणि मलाही दर वर्षी तितकाच आनंद व्हायचा.

लोखंडी आसावरही हेच होतं. ऑक्सिजनची बाजू धातूला चिकटते. एरंडेलाच्या साखळीवर आणखी एक ओएच गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असतो, त्याने रेणू एकमेकांना धरून राहतात. म्हणून ते इतकं दाट, चटकन ओघळत नाही.

आणि पाण्यातले जिवाणू त्याच एस्टर सांध्यावर घाव घालतात. सांधा तुटला की साखळी म्हणजे त्यांचं अन्न. खनिज तेलात हा सांधाच नाही, म्हणून ते रेंगाळतं.

पण सांधा पाण्यानेही हळूहळू तुटतो आणि आम्ल सुटतं. रहाटाचं पितळी बुश (आसाभोवतीची नळी) हिरवं पडू लागलं तर जुनं तेल चिंधीने पुसून घ्या आणि नवं घाला. तेही चारच थेंब, कारण तेल खाताना जिवाणू आडातला ऑक्सिजनही वापरतात.