लॅबव्ह्यू या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरमध्ये वेबपेज मागवलं की एरर ५६ येते, ब्राऊझरमध्ये मात्र तेच पेज उघडतं, असं का?

उद्यमबागच्या वर्कशॉपातलं नेट बघून झालंय म्हणतोस, पेज ब्राऊझरात उघडतंय म्हणजे नेटला दोष नको देऊस की रे. ५६ म्हणजे टाइमआउट, ठरलेली वेळ संपली; टीसीपी रीड, म्हणजे नेटवरून डेटा वाचणारा लॅबव्ह्यूचा ब्लॉक, वाट बघत बसलाय एवढंच.

पहिलं, रिक्वेस्टचा स्ट्रिंग कॉन्स्टंट, म्हणजे ज्या चौकटीत रिक्वेस्टचा मजकूर लिहिलायस ती बघ, त्यावर राइट क्लिक करून बॅकस्लॅश कोड्स डिस्प्ले चालू केलं नसशील तर तुझे \आर\एन, म्हणजे ओळ संपल्याच्या खुणा, साधी अक्षरं म्हणूनच जातात, मग सर्व्हरला रिक्वेस्ट संपली हे कळतच नाही आणि दोघंही एकमेकांकडं बघत बसतात, लग्नात आधी कोण जेवायला बसणार तसं. शेवटी \आर\एन दोनदा लागतं. एचटीटीपी १.१ लिहिलंस तर होस्ट हेडर, म्हणजे साइटचं नाव सांगणारी ओळ, पाहिजेच, आणि कनेक्शन क्लोज ही ओळ पण घाल, नाहीतर सर्व्हर लाइन उघडीच ठेवतो. टीसीपी रीडच्या स्टँडर्ड मोडमध्ये, म्हणजे मागितले तेवढे बाइट येईपर्यंत थांबणाऱ्या मोडमध्ये, लाखभर बाइट मागितलेस आणि आले कमी, तरी ५६च येणार, पण आलेला डेटा आउटपुटला असतो, तो बघ आधी.

पत्ता एचटीटीपीएस, म्हणजे एन्क्रिप्टेड असेल तर हे सगळं सोड, साध्या टीसीपीनं होत नाही, लॅबव्ह्यूच्या एचटीटीपी क्लायंटमधला गेट व्हीआय (तयार ब्लॉक) वापर. पेजवरचे आकडे जावास्क्रिप्टनं, म्हणजे ब्राऊझरात चालणाऱ्या कोडनं, नंतर भरत असतील तर त्यातही दिसणार नाहीत, ब्राऊझरात एफ१२ दाबून नेटवर्क टॅबमध्ये आकड्यांची खरी लिंक शोध.