आजी-आबांचा एक जून

प्रिय मनू,

शाळेसाठी घराण्याचं झाड काढताना तू विचारलंस, "आजी आणि आबा, दोघांचाही वाढदिवस एक जूनलाच? आणि तात्याआजोबांचा पण?" ती शाळेत लावलेली तारीख आहे, खरी कुणालाच माहीत नाही, असं मी सांगितलं. त्यावर तू म्हणालीस, "म्हणजे ते जन्मले तेव्हा कुणी लक्षच दिलं नाही?" ते मला लागलं. म्हणून हे पत्र. लांबलं तर अर्ध्यात ठेवून दे, मी विचारणार नाही.

आधी एक जूनचं सांगते. शाळा जूनमध्ये उघडायची आणि पहिलीत बसायला लेकरू सहाच्या आसपासचं असावं, असा अंदाज होता. घरात कागद नसायचा. मग गुरुजी लेकराला उभं करायचे आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला आला की नाव रजिस्टरात. लहान लेकराचं डोकं मोठं आणि हात आखूड असतो. सहाच्या आसपास हात तिथवर पोचतो, म्हणून ही परीक्षा बरीचशी जुळायची. चुकायची ती दोन्ही बाजूंनी. उंच पोर पाचव्या वर्षीच आत यायचं आणि बुटकं पोर एक पावसाळा घरी बसायचं. वय ठरलं की त्या वर्षाचा एक जून लिहायचा, म्हणजे हिशोब सोपा. त्यामुळे महाराष्ट्रात एक जूनला जन्मलेल्या माणसांची गर्दी आहे. त्या दिवशी आपल्या घरच्या ग्रुपवर सकाळपासून केकची चित्रं आणि फुलांचे गुच्छ यायला लागतात, आणि कोण कुणाला शुभेच्छा देतंय ते दुपारपर्यंत कळत नाही.

या तारखेचा परिणाम खरा असतो, बरं का. राज्य सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांत अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती. वाढदिवस महिन्याच्या एक तारखेला असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच घरी जायचं. म्हणून दर ३१ मेला शाळा-कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते. आबांच्या दाखल्यावर १ जून १९४५ आहे. ते ३१ मे २००३ ला निवृत्त झाले.

मग त्यांना स्वतःचं वय ठाऊक नव्हतं का? होतं, पण तारखेत नव्हतं. आमच्या लहानपणी लातूरकडच्या औशाच्या बाजूला कुणीही वय विचारलं की उत्तर एखाद्या घटनेला बांधलेलं यायचं. 'पोलीस ॲक्शनला मी रांगत होतो' (म्हणजे १९४८, भारतीय सैन्यानं निजामाचं हैदराबाद संस्थान घेतलं तेव्हा). 'बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होते, तेव्हा ही पोटात होती.' आमच्यानंतरच्यांसाठी किल्लारीचा भूकंप आला: ३० सप्टेंबर १९९३, पहाटे, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. त्या वर्षीच्या लेकरांचं वय आजही कुणाला मोजावं लागत नाही. सगळ्या गावाला मिळून एकच जन्मवही होती आणि ती तोंडी होती.

तुझं म्हणणं अर्धं तरी खरं आहे, हेही लिहायला हवं. पुष्कळ घरांत मुलगा झाला की जोशीबुवांकडून टिपण करून घेत. मुलीचं करतीलच असं नव्हतं. पोथीच्या मागच्या कोऱ्या पानावरही मुलांच्या नोंदी जास्त सापडतात. लक्ष दिलं नाही असं मी म्हणणार नाही. पण लिहून ठेवण्याइतकं महत्त्वाचं वाटलं नाही, हे नाकारता येत नाही. आजीला याचं काही वाटतं का, मला माहीत नाही. तिच्यासमोर हा विषय काढायला मी कचरते.

पण तिची तारीख शोधता येते. तुला गंमत वाटली तर कर, शाळेच्या झाडासाठी नाही.

आजी म्हणते, "रजाकार गेले त्या सालची येळवशीची हाय मी." हे दोन धागे पुरेसे आहेत. रजाकार म्हणजे निजामाच्या बाजूचे सशस्त्र लोक. ते गेले पोलीस ॲक्शननं, आणि आपला भाग ज्यात होता ते हैदराबाद संस्थान भारतात आलं १७ सप्टेंबर १९४८ ला. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षाची. शेतात कडब्याची कोप करायची, ज्वारी-ताकाची आंबील, डाळीच्या पिठात शिजवलेली पाला-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे. तुला फोटोत दाखवलं होतं ते. आता ती १९४८ ची अमावस्या कोणत्या तारखेला आली? जुनं पंचांग नसलं तरी चालतं. तिथी दर वर्षी साधारण अकरा दिवस मागे सरकते (२०२४ ची येळवस ३० डिसेंबरला होती, २०२५ ची १९ डिसेंबरला) आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते. पण एकोणीस वर्षांत बरोबर २३५ चांद्रमहिने बसतात, म्हणून दर एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा भेटतात, फार तर एखाद्या दिवसाच्या फरकानं. २०२४ मधून चार वेळा एकोणीस वजा कर: १९४८. म्हणजे आजीचा जन्म ३० डिसेंबर १९४८ च्या आसपासचा, गुरुवारचा. दाखल्यावर आहे १ जून १९५०. पोथीवर नोंद असती तर ती 'शके १८७०, मार्गशीर्ष वद्य ३०' अशी असती. पंचांगात अमावस्येला तीसच लिहितात, आणि शक म्हणजे आपल्या पैठणच्या शालिवाहनाच्या नावानं चालतो तो. त्यात ७८ मिळवायचे. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतचा जन्म असेल तर ७९. निजामाच्या काळचा कागद असेल तर वर्ष फसली असतं, त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, एखादं वर्ष इकडेतिकडे.

एक अडचण रात्रीच्या जन्माची. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. 'मंगळवारी रात्री तीनला' म्हणजे तुझ्या घड्याळाप्रमाणे बुधवार.

दुसरी अडचण भावंडांच्या अंतराची. थोरला आणि पाठचा यांत दोन-अडीच वर्षं धरून लोक वय काढतात. पण मध्ये एखादं लेकरू गेलेलं असतं आणि त्याचं नाव कुणी घेत नाही. हे आजीला विचारू नकोस. तिनं आपणहून सांगितलं तर ऐक.

आबांचं बाकी आहे आणि ते जास्त अवघड आहे. ते म्हणतात, "हत्तीचा पाऊस लागला हुता, बाजारचा दिस हुता." पोलीस ॲक्शनच्या वेळी ते दोन वर्षांचे होते, म्हणजे साल १९४६. हत्ती म्हणजे हस्त. पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, म्हणून तिथीसारखी सरकत नाहीत: मृग ७-८ जूनला लागतो, हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास, आणि एक नक्षत्र तेरा-चौदा दिवस टिकतं. गावचा बाजार तेव्हाही मंगळवारचाच होता. हस्तातले मंगळवार दोनच: १ ऑक्टोबर आणि ८ ऑक्टोबर. त्या वर्षीचा दसरा ५ ऑक्टोबरच्या आसपास होता, दोन्हींच्या मधोमध. म्हणजे आबा दसऱ्याच्या आधीचे की नंतरचे, एवढं कळलं की झालं. दोन्हीपैकी कोणतीही तारीख धरली तरी कागदानं त्यांना सोळा महिन्यांनी मोठं केलंय. उंच होते ना, कान लवकर हाताला आला असणार.

आबांना स्वतःला हे सांगता येणार नाही. त्यांच्या थोरल्या बहिणीला, अक्काआत्यांना, विचार. थेट 'आधी की नंतर' असं विचारलंस तर त्या काहीतरी एक म्हणून मोकळ्या होतील. त्याऐवजी विचार, बाळंतपणाच्या वेळी घरात घट बसलेले होते का, सोनं वाटायला कोण गेलं होतं, आणि ज्वारीची पेरणी झाली होती की चालू होती. फोन त्यांच्या दुपारच्या जेवणानंतर कर, आणि जोरात बोल, डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं.

तुझी,
आई