मराठीच्या तासालाच पोट का दुखतं?

शाळेत आणखी एक भाषा सक्तीची केली तर मुलाला झेपेल का, हा प्रश्न माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येतो. एप्रिल 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, तेव्हा मराठी पालक काळजीत होते. जूनअखेर सरकारनं तो मागे घेतला आणि ती चौकशी ओसरली. बदली होऊन महाराष्ट्रात आलेल्या पालकांची मात्र वर्षभर चालू असते. त्यांना धास्ती मराठीची.

त्यातलंच हे एक कुटुंब. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) कानपूरहून पुण्यात आलेलं, मुलगा केंद्रीय मंडळाच्या शाळेत सहावीत. आठवड्यातल्या ठरावीक दिवशी सकाळी त्याच्या पोटात दुखायचं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. शेवटी आईनंच वेळापत्रक समोर धरलं, तर त्या प्रत्येक दिवशी मराठीचा तास.

वडिलांचा सगळा राग कायद्यावर. 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. न शिकवल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड. दंड शाळा चालवणाऱ्यांना आहे, तुमच्या मुलाला नाही, असं मी म्हटलं. त्यानं त्यांचं समाधान झालं नाही, आणि व्हायचं कारणही नव्हतं. पोट तर मुलाचंच दुखत होतं ना.

मुलाला एकट्याला बसवलं, वही मागितली. एका ओळीत ‘माझी पुस्तक’ खोडलेलं, पुढे ‘माझा पुस्तक’, तेही खोडलेलं, आणि मग ओळच सोडून दिलेली. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे तो दोनांतूनच निवडत होता आणि दोन्ही वेळा लाल रेघ. मी वही मिटली आणि सोसायटीत काय खेळतोस ते विचारलं. क्रिकेट. भांडणं होतात? “होतात ना! ‘ए, आऊट नाय, टप्पा पडलाय!’” हे मराठीत, फटकन. आईच्या मते त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता.

मैदानावर येणारी भाषा वर्गात अडत होती, कारण वर्गात त्याला उभं करून पानभर वाचायला लावत. ‘बाळ’चं ‘बाल’ झालं की मागचे बाक हसत. मैदानावरही हसतात, पण तिथे सगळेच सगळ्यांना हसतात. बाईंना मी दोष देणार नाही. भरगच्च वर्ग आणि पोर्शन संपवायचा, त्यात एका मुलासाठी कुठे थांबणार?

कॅनडातले भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी यातला फरक मांडून ठेवला आहे. नव्या भाषेत बोलण्याचालण्यापुरती सफाई साधारण दोन वर्षांत येते, पाठ्यपुस्तकातली भाषा बरोबरीनं पेलायला मात्र पाच-सात वर्षं लागतात. तेव्हा पहिल्याच सत्रात निबंध मागणं हे भाषा शिकवणं नव्हे. आणखी एका भाषेनं मुलाचा मेंदू दमतो किंवा तो तोतरा होतो, ही भीती मात्र पालकांनी खुशाल सोडावी.

माझं मत विचाराल तर सक्ती असावी. ऐच्छिक ठेवली तर या मुलानं मराठी घेतली नसती आणि मित्रांच्या घरी आजी-आजोबा काय बोलतात ते त्याला कळलं नसतं. पण सक्ती शिकण्याची असावी, गुणांची नको. शाळेशी बोलून तीन गोष्टी ठरवल्या: एक सत्र मोठ्यानं वाचन फक्त बाईंच्या टेबलाशी, खालच्या इयत्तेची ‘सुलभभारती’ (मराठी माध्यम नसलेल्या शाळांसाठीचं मराठीचं पाठ्यपुस्तक), आणि चाचणी तोंडी. बाईंनी आपणहून त्याला आंतरशालेय सामन्याचा वृत्तांत सांगायला लावला. पोटदुखी दिवाळीपर्यंत बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. शुद्धलेखनाच्या दिवशी अजून उचल खाते.

वडिलांशी माझं अजून पटलेलं नाही. “उद्या बंगळुरूला बदली झाली की कन्नड, चेन्नईला झाली की तमिळ,” असं ते म्हणतात. खोटं नाही; कर्नाटकात 2015 चा आणि तमिळनाडूत 2006 चा कायदा आहे. माझं उत्तर एवढंच होतं: प्रवेश घेतानाच शाळेला लेखी विचारा, की मध्येच आलेल्या मुलाला पहिली दोन वर्षं कसं शिकवणार आणि कसं तपासणार. त्यांनी धाकटीच्या प्रवेशाच्या वेळी तसं पत्र दिलं. उत्तर यायचं आहे.