पाणी बंद, तरी मीटरवर ६.७ लिटर

प्रश्न : डाळिंबाच्या ठिबकच्या एका लाइनवर अर्धा इंची वायएफ-एस२०१ फ्लो सेन्सर बसवून २० मीटर वायरने ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडला आहे. लाइनवर ताशी ४ लिटरचे २०० ड्रिपर आहेत. आता आकडा मिनिटाला ९ लिटरच्या वर जात नाही. शिवाय ही लाइन बंद करून पाणी दुसऱ्या प्लॉटला सोडले, तरी मोटर चालू असेपर्यंत ६.७ लिटर दिसत राहते. सेन्सर बदलावा का?

उत्तर : इतक्यात नको. तक्रारी दोन आहेत आणि कारणेही दोन.

चोर ६.७ या आकड्यातच सापडतो. सेन्सरमधला पंखा पाण्याने फिरतो आणि बोर्डाला विजेचे ठोके, म्हणजे पल्स, पाठवतो. या सेन्सरला मिनिटाला १ लिटर म्हणजे ७.५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ७.५ पल्स. ६.७ लिटरचे झाले ५० हर्ट्झ, म्हणजे मोटरच्या विजेचीच वारंवारता! मोटरच्या केबलशेजारून नेलेली सेन्सरची पिवळी सिग्नल वायर ती उचलते आणि बोर्ड तेच पल्स समजून मोजतो. सिग्नलची वायर मोटरच्या केबलपासून निदान फूटभर लांब घ्या, शील्डेड (धातूच्या जाळीचे आवरण असलेली) वापरा, शील्ड फक्त बोर्डाच्या बाजूने ग्राउंड करा. पिवळी वायर बोर्डापासून सोडवून, पंखा फुंकरीने थोडा-थोडा फिरवत तिच्यावरचे व्होल्टेज मोजा. ० आणि ५ असे बदलत असेल तर थेट जोडू नका, ईएसपी३२ची पिन ३.३ व्होल्टची आहे. व्होल्टेज कमी करणारा १० आणि २० किलोओहमचा डिव्हायडर लावा: १० पिवळी वायर आणि पिनमध्ये, २० पिन आणि ग्राउंडमध्ये. ५ व्होल्ट कुठेच येत नसतील तर पिवळी वायर आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. प्रोग्राममध्ये आधीच्या पल्सनंतर २ मिलिसेकंदांच्या आत आलेला पल्स सोडून द्या, तो खरा नसतो. मिनिटाला ३० लिटरलाही दोन पल्समध्ये ४.४ मिलिसेकंद असतात.

आता कमी आकडा. २०० ड्रिपरचे मिनिटाला १३.३ लिटर व्हायला हवेत. पण ९ हा आकडा खराही असू शकतो! सेन्सरमधून २० लिटरची बादली भरा, ९,००० च्या आसपास पल्स यायला हवेत. आले, तर सेन्सर निर्दोष. फिल्टर आणि ड्रिपर तपासा. बरेच कमी आले, तर पंखा अडतो आहे. पंख्यात चुंबक असल्याने गंजाचा चुरा त्याला चिकटून बसतो, बोअरच्या पाण्याचे क्षार आसावर जमतात. झाकणाचे ४ स्क्रू काढा, रबरी रिंग जपा, पंखा कोणत्या बाजूने बसला होता ते पाहून ठेवा. ग्लासभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून पंखा अर्धा तास बुडवा, मऊ ब्रशने घासा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. पंखा भलत्या वेगाने फिरून आस झिजतो. परत बसवताना सेन्सरवरचा बाण प्रवाहाच्या दिशेने, आणि सेन्सरच्या आधी १५ सेंटीमीटर सरळ पाइप ठेवा.